परत न म्हटलेला हुकूम

३ फेब्रुवारी

टिटवे,

घड्याळजी म्हणतायत, पत्राच्या सुरुवातीला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहायची रीत आहे. मी म्हटलं, अनेक कशाला, एकच लिहा, पण शाई नीट भरून लिहा. तर घे. एक आशीर्वाद, ठसठशीत.

तुझं पत्र पोचलं. घड्याळजींनी दुकानातून वर येऊन वाचून दाखवलं. डोळ्यावरचं ते भिंग काढायचं विसरले होते, म्हणजे तुझी अक्षरं त्यांना भोपळ्याएवढी दिसली असणार, तरी अडखळले. इतकी वर्षं तुला शाळेत घातलं ते याच्यासाठी? मला एकही अक्षर येत नाही, पण न येण्यातसुद्धा माझं वळण तुझ्याहून बरं आहे.

(आजींनी सांगितलं म्हणून लिहिलं. मी अडखळलो नव्हतो. – घड्याळजी)

बघितलंस? मी सांगते ते लिहायचं सोडून मध्येच स्वतःचं घुसडतात. म्हणून तुमच्याकडची शिस्त मी आता इथे लावली आहे. तू लिहितेस ना, की बंद खोलीत काचेवरचे ठिपके बघत बसायचं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि साहेबांनी हुकूम दिला की तोच शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच पुढचा माणूस हात हलवणार. मला हे फार पटलं. आता मी वाक्य सांगते, घड्याळजी ते परत म्हणतात, मगच लिहितात. आणि तुझं पत्र ते वाचतात तेव्हा मी एकेक ओळ परत म्हणते. दोनतीनदा म्हटलं की पाठ होतं. मग दिवसभर चादरी धुताना मी तुझं पत्र मनात वाचते. कागद भिजायची भीती नाही.

पण गंमत बघ. पाळण्यात होतीस तेव्हा दाराची कडी वाजली तरी इमारत डोक्यावर घ्यायचीस, म्हणून तर तुला टिटवी म्हणायला लागलो. आणि आता सरकार तुला गप्प बसायचा पगार देतं.

इकडे नवीन काही नाही. दवाखान्याच्या चादरी अजून मीच धुते, गच्चीवर वाळत घालते. संध्याकाळी खिडक्यांना काळं कापड लावायचा हुकूम आलाय. घड्याळजींनी दुकानाच्या फटीसुद्धा बुजवल्या, जणू वरचा वैमानिक त्यांचीच घड्याळं चोरायला येणार आहे.

तुझ्या पत्रात दोन ठिकाणी काळी शाई फासली होती. तपासनीस असतो म्हणे एक, सगळ्यांची पत्रं वाचणारा. त्याला माझा नमस्कार सांग. नाहीतर राहू दे, तो वाचतोच आहे. काय बाबा, बसलास का नीट? पुढचं सगळं घरगुती आहे, तुला कंटाळा येईल.

जेवत जा.

तुझी आजी


१९ फेब्रुवारी

आजी,

घड्याळजीकाकांना सांग, अक्षर सुधारते आहे.

तू मागे एकदा विचारलं होतंस की ठिपका आपला की परका हे कळतं कसं. हे पोरांच्या पुस्तकातही असतं, त्यामुळे काळं होणार नाही. आपल्या प्रत्येक विमानात एक यंत्र असतं. आम्ही खालून विचारतो, ते वरून आपोआप उत्तर देतं. उत्तर आलं की ठिपक्याभोवती गोल पडतो. गोल पडला की मी श्वास सोडते. हे कामात धरत नाहीत, पण मी करते.

खोलीला खिडकी नाही. खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या आहेत, पुढेमागे होत नाहीत. माझ्या उजवीकडे एक जण बसतो, त्याला सगळे ‘बोट’ म्हणतात, कारण त्याचं काम एका बोटाचं. साहेब मागे उभे असतात. ते कधी ओरडत नाहीत. काम जितकं महत्त्वाचं, तितका आवाज हळू. पहिल्या महिन्यात मी हुकूम परत म्हणताना एक शब्द गाळला, तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, मी अर्धा बोललो आणि तू अर्धी बोललीस की तो हुकूम पुरा होतो. तुझा अर्धा मला देऊ नकोस, मला तो नको आहे.’ मला हे बोलणं आवडलं.

एक गोष्ट तुला हसायला. मला आता सवयच लागली आहे. खानावळीतला आचारी म्हणाला, ‘ताट पुढे करा,’ तर मी म्हटलं, ‘ताट पुढे करते.’ मागची सगळी रांग हसली.

तुझी
टिटवी


८ मार्च

आजी,

मी बरी आहे. काम बदललं आहे. सध्या बाहेर असते, उन्हात. जेवण वेळेवर होतं.

तिकडे सगळे आहेत ना? आपल्या भागात काही पडलं वगैरे नाही ना? कळव.

टिटवी


१४ मार्च

टिटवे,

ही काय रीत झाली? इतक्या लांबून पत्र यायचं आणि घड्याळजींनी जिना चढून धाप टाकेपर्यंत ते वाचून संपायचं? पाठ करायला काही उरलंच नाही. दोन कपडे पिळले की पत्र संपतं.

मी आणि घड्याळजी बसून अंदाज बांधतोय. त्यांचं म्हणणं, तुला बढती मिळाली, मोठी माणसं थोडक्यात लिहितात. माझं म्हणणं, कुणीतरी भेटलाय. खोलीत बसून उबलेली मुलगी एकदम उन्हात बाहेर असते, आणि आजीला तीन ओळी! तो बोट तर नव्हे? बघ बाई, एकाच बोटाचा संसार करशील. लाजायचं काही कारण नाही. तपासनीसबाबाला ठाऊक असेलच, तो हसत असेल बघ.

‘सगळे आहेत ना’ म्हणजे काय विचारणं? सगळे आहेत. कोण कुठे जातंय? पडला तो घड्याळजींचा दात. पुढचाच. आता ते ‘सहा वाजले’ म्हणतात तेव्हा शिट्टी वाजते.

(दात मागचा आहे. – घड्याळजी)

हां, एक सांगायचं राहिलं. तू हे पत्र लिहिलंस त्याच्या आधीच्या आठवड्यात मी संध्याकाळी गच्चीवर चादरी काढत होते. उजेड होता अजून. डोंगराच्या बाजूनं एक विमान आलं, इतकं खाली, की चादरी उडाल्या. एक तर टाकीवर जाऊन बसली. मोठ्या पोटाचं, दोन पंख्यांचं. त्यातला एक पंखा फिरतच नव्हता. आवाज माणसाच्या खोकल्यासारखा. आणि पाय खाली सोडलेले, म्हणजे चाकं गं. बदक पाण्यावर उतरताना सोडतं तशी. मी आपली दोरीखाली बसून राहिले. गेलं ते वीटभट्ट्यांच्या पलीकडे, आणि मागून ना आवाज, ना धूर. कुठेतरी टेकलं असेल बिचारं. घड्याळजींना सांगितलं, तर म्हणतात तुम्हाला चष्मा लागलाय.

मोठं पत्र लिही. आणि त्याची उंची किती ते कळव.

आजी


२ एप्रिल

आजी,

तुझं पत्र आलं. शेवटचं पान जवळजवळ सगळं काळं आहे. ‘चादरी उडाल्या’ एवढं दिसतं आणि एकदम खाली ‘चष्मा’. तिकडे वादळ झालं का?

तू मोठं पत्र मागितलंस. मी दगडांना चुना लावते. फाटकापासून कचेरीपर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना दगड आहेत. एका बाजूचे संपले की दुसऱ्या बाजूचे. ते संपेपर्यंत पहिल्यांवर धूळ बसलेली असते. हे काम वाईट नाही. हुकूम नसतो, त्यामुळे परत काही म्हणावं लागत नाही.

कुणी भेटलेलं नाही.

काकांच्या दाताचं वाचून हसू यायला हवं होतं.

टिटवी


५ एप्रिल

आजी,

हे पत्र आचारी सुट्टीवर जाताना बाहेरच्या पेटीत टाकणार आहे, म्हणजे मध्ये कुणी वाचणार नाही. काका, तुम्ही वाचून झाल्यावर जाळा. उत्तरात यातलं काही लिहू नका.

मार्चच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी एक ठिपका आला. डोंगराच्या बाजूने, खालून, हळू. विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. गोल पडला नाही. साहेबांनी थांबता येईल तितकं थांबून पाडायचा हुकूम दिला. हळू आवाजात. मला नीट ऐकू आला.

मी तो परत म्हटला नाही.

साहेब बोटाला थेट सांगू शकत नाहीत. हुकूम दोन तोंडांतून गेल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नियम आहे, म्हणजे ते एका माणसाच्या हाती राहत नाही. बोटाने माझ्याकडे बघितलं. साहेबांनी हुकूम पुन्हा दिला. मी पुन्हा ऐकला. दुसऱ्या कुणाला माझ्या खुर्चीवर बसवेपर्यंत ठिपका डोंगराआड गेला.

का म्हटलं नाही, ते मला माहीत नाही. चौकशीतही हेच सांगितलं. मी घाबरले नव्हते. दया आली म्हणावं तर ठिपक्याची काय दया येणार? तोंड उघडलं नाही, इतकंच.

ते काय होतं, कुणाचं होतं, पुढे काय झालं, मला कुणी सांगत नाही. चौकशी चाललेल्या माणसाशी ते बोलायचं नसतं. वर्तमानपत्रही मिळत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते तुमच्या दिशेने गेलं. म्हणून विचारलं होतं, काही पडलं का.

इथले डॉक्टर भले आहेत. म्हणतात, ‘त्या वेळी घसा बसला होता, आवाज फुटला नाही, असं लिहून सही कर. आजारपणावर घरी पाठवतील.’ नाहीतर समोरासमोर हुकूम मोडला, म्हणजे कैद. मे महिन्याच्या मध्यावर शेवटची बैठक आहे. मी सही करेन. तसा मला दोन्हींत काही फरक वाटत नाही. परवा चुन्याने हात भाजला, ते मला फोड बघून कळलं.

सही केली की मी घरी येईन. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

टिटवी


१८ एप्रिल

टिटवे,

तुझं दोन तारखेचं पत्र मिळालं. त्यानंतर दुसरं काही मिळालेलं नाही, आणि आम्ही ते जाळलेलंही नाही.

(हे वाक्य लिहू नका म्हणून मी तीनदा सांगितलं. – घड्याळजी)

बरं. वादळ झालं का म्हणून विचारतेस. हो, वादळच झालं समज. चादरी उडाल्या. तेवढंच. घड्याळजी म्हणतात, वादळावर जास्त बोलायचं नाही, आणि या वेळी मी त्यांचं ऐकणार आहे. आयुष्यात पहिल्यांदाच. ते इतके खूष झाले की शाई सांडली.

तुझी खाट मी खिडकीशी ओढून घेतली. गादी उन्हात घातली. खालच्या मजल्यावरची परिचारिका म्हणते, तिच्या दवाखान्यात घडीकामाला माणूस हवंय. तिथे कुणी हुकूम सोडत नाही. सगळे नुसते कण्हतात.

घसा जप. थंड पाणी पिऊ नकोस. बसलाच असेल तर बसू दे, त्याला उगीच उठवायला जाऊ नकोस.

आजी


३० एप्रिल

आजी,

तुझं पत्र सबंध मिळालं. एकही ओळ काळी नव्हती.

वादळ म्हणजे काय ते मला कळलं. तू ते जपून लिहिलंस, त्यावरूनच कळलं. तू कधी जपून बोलत नाहीस.

कुणाकुणाला लागलं ते सांगू नकोस. वीटभट्ट्यांच्या वस्तीत पडलं की नदीच्या बाजूला, तेही नको. मी विचारणार नाही आणि तू सांगू नकोस, असं ठरवू. सही करून मी घरी येईन, घडीकाम करेन. फक्त मला गच्चीवर पाठवू नकोस. खाट खिडकीपासून परत आत ओढ.

मला यावर रडू आलं नाही. येईल असं वाटून मी थोडा वेळ दगडावर बसले होते. मग मुकादमाने हाक मारली.

टिटवी


१३ मे

टिटवे,

परत घरी पोचले. तुला वाटलं असेल म्हातारी वाटेत कुठेतरी दुसऱ्याच बसमध्ये चढून दुसऱ्याच्याच नातीला भेटायला जाईल. तर नाही. येताना तर ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, आणि त्याला मी वाटभर गाडी कशी चालवायची ते सांगत आले.

आता जे झालं ते मी घड्याळजींना सांगून लिहून घेते, म्हणजे ते तुझ्याजवळही राहील आणि त्यांच्या डोक्यातही.

तुझं तीस तारखेचं पत्र वाचून झालं आणि मी ते नेहमीसारखं परत म्हणायला लागले. ‘खाट आत ओढ’ इथे आले आणि पुढे म्हणवेना. घड्याळजी म्हणाले, ‘आजी, पोर घरी येतेय. गप्प बसा. आली की एखाद्या दिवशी सांगा.’ मी म्हटलं, ‘घड्याळजी, बंद पडलेलं घड्याळ घरी आणून भिंतीला टांगलं, तर ते घरी आलं म्हणायचं का?’ त्यांचंच घड्याळ मी त्यांच्या गळ्यात घातलं. मग म्हणाले, ‘पण सांगितलंत तर ती सही करायची नाही, कैदेत जाईल.’ मी म्हटलं, ‘ते ठाऊक आहे.’ बसच्या थांब्यापर्यंत माझी पिशवी धरून भांडत आले, आणि भांडता भांडता तिकीटही त्यांनीच काढलं.

(भांडलो. अजूनही माझं मत तेच आहे. – घड्याळजी)

तुमच्या फाटकापासूनचे दगड बघितले. काय गं ते काम! दुधाने धुतल्यासारखे. इतकी स्वच्छ तू माझ्या घरात कधी नव्हतीस.

भेटीची खोली तुला माहीत आहेच, पण मला कशी दिसली ते सांगते. एक लांब टेबल, त्यावर मधोमध पिवळी रेघ, तू रेघेपलीकडे. टोकाशी शिपाई उभा. त्याने मला बजावलं, ‘आजी, कामाचं काही बोलायचं नाही. घरचं बोला.’ मी म्हटलं, ‘माझं काम चादरींचं. ते बोललं तर चालेल ना?’ तो म्हणाला, चालेल. चांगल्या घरचा होता.

तू बसलीस आणि माझ्याकडे बघितलंस, पण मी आले आहे हे तुझ्या तोंडावर कुठे उमटलंच नाही. मी तुझ्यासमोर खाऊचा डबा ठेवला. तू म्हणालीस, ‘डबा ठेवला.’ मला वाटलं, झालं. हिला आता काही सांगायचं असेल तर शब्द काय कामाचे? शब्द ही नुसते परत करते.

म्हणून मी दोन्ही हात पसरले. मग एक हात गरगर फिरवला आणि दुसरा तसाच ठेवला, मेल्यासारखा. खोकले. आणि बाजूला वळून दोन्ही पाय खुर्चीखालून काढून पुढे लांब केले, टाचा खाली. तशीच थोडी वाकडी होत, उतरत उतरत, डबा पाडत टेबलावर कलले. शिपाई धावला. त्याला वाटलं, म्हातारीचे गुडघे धरले. पाणी आणायला गेला बिचारा.

तू बघत राहिलीस. मग माझ्या पायांकडे बघितलंस. मग विचारलंस, ‘खाली होते?’

मी म्हटलं, ‘खाली.’

‘आणि मग?’

‘मग काही नाही. मग मी चादरींच्या घड्या केल्या.’

‘आणि वादळ?’

‘वादळ नव्हतंच. ती थाप होती. तुला घरी आणायची.’

तेव्हा तू टेबलावर डोकं ठेवलंस, रेघेच्या अलीकडे, माझ्या बाजूला. नियम मोडलास. शिपाई पाणी घेऊन आला आणि कुणाला द्यावं ते न कळून तसाच उभा राहिला. शेवटी त्याने ते स्वतःच प्यायलं.

कुणाचं होतं ते मला विचारू नकोस. पंखावर काय रंगवलं होतं ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मला वाचता आलं नसतं. उतरायला आलेलं होतं, एवढंच मी बघितलं.

आता तू काय करशील ते मला बसमध्ये बसल्यापासून कळतंय. मी तिथे आले नसते तर या आठवड्यात तू इथे असतीस. मी तुझ्यासमोर तो डबा ठेवून, गोड बोलून, परत येऊ शकले असते. तसं केलं नाही. तू माझ्यावर चिडलीस तरी चालेल. चिडलीस तर बरंच.

तपासनीसबाबा, यात काळं करण्यासारखं काही नाही. म्हातारीच्या गुडघ्यांची गोष्ट आहे.

आजी


२४ मे

आजी,

निकाल जाहीर झाला, त्यामुळे आता लिहिता येतं.

मी सही केली नाही. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला होता, पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. मी टोपण लावून पेन त्यांना परत दिलं. वाईट वाटलं त्यांना.

अध्यक्षांनी विचारलं, घसा बसला होता का. मी म्हटलं, नाही. हुकूम ऐकू आला होता का. म्हटलं, दोन्ही वेळा आला. मग परत का म्हटला नाही. आधी मी ‘माहीत नाही’ सांगितलं होतं. या वेळी म्हटलं, ‘मला तो म्हणायचा नव्हता.’ ते म्हणाले, ‘कारण?’ मी म्हटलं, ‘तेव्हा माझ्याकडे कारण नव्हतं. ठिपका हळू होता, एवढंच. कारण मला नंतर मिळालं, ते मी वापरणार नाही.’ तुझं नाव घेतलं नाही. त्या पायांचंही नाही.

साहेबांना साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी सगळं खरं सांगितलं, माझ्या बाजूने एक शब्द नाही आणि माझ्याविरुद्ध एक शब्द नाही. जाताना ते माझ्याजवळ थांबले. वाटलं, काही बोलतील. त्यांनी माझ्या कॉलरचं उघडं बटण लावलं आणि गेले.

मग शिक्षा वाचून दाखवली. दीड वर्ष कैद, आणि नंतर सेवेतून बडतर्फ. वाचणारा थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बोलते आहे. सवयीने मी ती शिक्षा परत म्हणत होते. शब्द न् शब्द. एकही गाळला नाही. बोट मागच्या बाकावर होता, त्याने तोंडावर हात धरला. रडत होता की हसत होता, दिसलं नाही.

अजून मला फारसं काही वाटत नाही, आजी. इथली खोली लहान आहे, पण तिला खिडकी आहे. चुन्याने पुन्हा पुन्हा भाजलेला हात दुखायला लागलाय. चांगलाच दुखतो. रात्री कुशीवर वळता येत नाही. हे तुला सांगावंसं वाटलं.

तुझ्यावर चिडायचा प्रयत्न करून बघितला. तुझे लांब केलेले पाय आठवतात आणि जमत नाही.

खाट परत खिडकीशी ओढ.

टिटवी


२ जून

टिटवे,

खाट ओढली. जड आहे गं, घड्याळजींचा दुसरा दात पडला असता.

हाताला खोबरेल लाव, मिळालं तर. दुखतोय ते बरं आहे. असं आजीने म्हणू नये, पण म्हटलं.

तुझं पत्र घड्याळजींनी वाचलं. मी ओळीमागून ओळ परत म्हणत गेले. पेनाचं टोपण, साहेबांनी लावलेलं बटण, सगळं. मग ती शिक्षेची ओळ आली. घड्याळजींनी ती वाचली आणि थांबले. आता मी म्हणायची होती. ते वाट बघत राहिले. भिंग पुसलं, पुन्हा लावलं. ‘आजी,’ म्हणाले, ‘म्हणा.’ पुन्हा एकदा वाचली त्यांनी, हळू आवाजात.

मला नीट ऐकू आली.

त्यानंतर त्यांनी पुढची ओळ घेतली. या वेळी मध्ये काही घुसडलं नाही.

बाकीचं पत्र मला तोंडपाठ आहे. काल धुताना दोनदा वाचलं. तेवढी एक ओळ सोडून. दवाखान्यातल्या परिचारिकेने विचारलं, नात कधी येणार? मी म्हटलं, ‘ते काही मला सांगता यायचं नाही बाई. येईल.’

आभाळ मोकळं आहे. चादरी वाळल्यात, काढायला वर जाते.

आजी